तिसऱ्या तलावाखालची घरं

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोमागे आमची चाळ होती. पहाटे गाड्या सुरू करून तापत ठेवायचे, तेव्हा आमच्या फळीवरचे पितळेचे डबे एकमेकांना लागून किणकिणायचे. आईला घड्याळ लागत नसे. “मुरबाडची गेली, आजून लोलतंस काय गो?” असं ती पाठमोरीच म्हणायची आणि स्टोव्हला पंप मारायची. बाबा साताऱ्याकडचे, त्यांना ज्वारीची भाकरी लागे. आई बदलापूरच्या पलीकडच्या डोंगरातली, तिचा हात तांदळाच्या पिठावर बसलेला. एकाच तव्यावर आधी पांढरीशुभ्र तांदळाची आणि मग ज्वारीची भाकरी पडायची, आणि कोणती पचायला हलकी यावर दोघांचं भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू होतं. दोघांपैकी कोणीही शेवटपर्यंत माघार घेतली नाही. माझ्या स्वभावाला लोक हट्टी म्हणतात तेव्हा मी त्यांना हे घर सांगते. तिथे दुसरं काही शिकायची सोयच नव्हती.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. मी टायपिंग शिकावं आणि त्यांच्याच ऑफिसात चिकटावं अशी त्यांची इच्छा. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी. त्या कोर्सच्या नावातच पुरुष होता, त्यामुळे मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी आले की जरा अडखळत. कोर्स संपला आणि वर्षभर कुठेच काम मिळेना. मग एक जाहिरात दिसली. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर कर्णिक नावाचे एक साहेब राहत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांनी बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये स्वतःचं ऑफिस काढलं होतं. त्यांना नकाशे काढायला माणूस हवा होता. जाहिरातीत ‘मुलगा पाहिजे’ असंच छापलं होतं. मी गेले.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “जाहिरात नीट वाचली होतीस का?”

“वाचली.”

“इथे संध्याकाळी उशीर होतो. मुलीला कसं जमणार?”

“मी सकाळी लवकर येईन.”

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर ठिपके होते, वाकडेतिकडे पसरलेले. “यातून पाण्याचा काठ काढ. पट्टी वापरायची नाही.” मी पेन्सिल घेतली आणि एका दमात रेघ काढली. हात कुठे थांबला नाही. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला, आणि बाहेरच्या दोन उमेदवारांना घरी पाठवायला सांगितलं.

ते काम काय होतं हे मला हळूहळू कळलं. दूरवर एक नवं राज्य झालं होतं, आणि त्याला नवी राजधानी हवी होती. राज्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या लोकांशी माझं काही वाकडं नाही. रस्ते, सचिवालय, विधानभवन हे सगळं मोठ्या मोठ्या कंपन्यांनी आखलं होतं. आमच्या शेडमध्ये आलं होतं ते फक्त पाणी. शहराच्या मधोमध, विधानभवनापासून राज्यपालांच्या बंगल्यापर्यंत, शोभेचे तीन तलाव करायचे होते. पहिला गोल. दुसरा लांबट, कारण त्यात विधानभवनाचा घुमट उलटा दिसायला हवा होता. तिसरा सगळ्यात मोठा, मध्ये बेट असलेला, राज्यपालांच्या सज्ज्यासमोर. एकाचं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचं तिसऱ्यात दगडी पायऱ्यांवरून उतरत जाणार. ज्या तळ्यात म्हैस बसत नाही, ज्याच्या काठावर कोणी धुणं आपटत नाही, ते तळं कशासाठी, हे मला आधी समजेना. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “बघण्यासाठी.” मला ते उत्तर फार आवडलं. आमच्या चाळीत पाणी ही नळावर नंबर लावून मिळवायची गोष्ट होती. नुसतं बघण्यासाठी पाणी असतं आणि त्याचा काठ मी ठरवणार आहे, या विचाराने मी डेपोतून अंबरनाथच्या गाडीत बसताना जरा ताठ बसायची.

काम मला येत होतं, हे आज सांगायला मी लाजत नाही. ट्रेसिंग पेपरवर शाईने काठ ओढताना श्वास रोखून धरावा लागे. चूक झाली तर दाढीचं ब्लेड आडवं धरून शाई खरवडायची, मग त्या जागेवर नख फिरवून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. माझी नात आता कॉम्प्युटरवर बंगले काढते. ती एक बटण दाबते आणि रेघ गायब होते. तिला मी ब्लेडची गोष्ट सांगते तेव्हा ती “सो क्यूट, आजी” म्हणते. क्यूट त्यात काहीच नव्हतं. खरवडताना आवाज यायचा, आणि कागदावर कायमचा डाग राहायचा.

शेडमध्ये माझ्याशिवाय गोपी होता. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्याच्या वडिलांचं फर्निचरचं दुकान, मागे वर्कशॉप. त्याच्या हातात लाकूड लोण्यासारखं वागायचं. शहराचं मॉडेल बनवायला साहेबांनी त्याला ठेवला होता. तो डब्यात कोकी आणायचा, कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी पोळी, आणि माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं न विचारता उचलायचा. “अड़ी नलिनी, तेरी मम्मी के हाथ का दे ना, मेरा तू खा ले,” असं म्हणून माझ्या हातात कोकी कोंबायचा. मी मराठीत बोलायची, तो हिंदीत, रागावला की सिंधीत. आमचं कधी अडलं नाही.

एका रविवारी मी तिन्ही तलावांची एक प्रिंट घरी आणली. तिला अजून छपाईच्या अमोनियाचा उग्र वास येत होता. आईला दाखवायची होती, दुसरं कारण नव्हतं. आई सुकट भाजत होती. बाबा बाहेर गॅलरीत दाढी करत होते. मी प्रिंट जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. आईने हात पदराला पुसले आणि उकिडवी बसून बघू लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण काठावरून बोट फिरवत ती पहिल्या तलावाला वळसा घालून आली, मग दुसऱ्याला.

“तुज्या हातचं हाय ह्ये?”

“माझ्या हातचं.”

ती खूष झाली. मग तिचं बोट तिसऱ्या तलावात गेलं आणि तिथेच थांबलं. तिथे बारीक बारीक चौकोन होते, एक गोल होता.

“आनि ही काय?”

“ती घरं आहेत. ही विहीर. मोजणीवाल्यांनी दाखवलीयत. आता ती निघणार.”

“तल्यात घरं?”

“तळं व्हायचंय अजून, आई.”

“गावाचं नाव काय?”

मला माहीत नव्हतं. नकाशावर फक्त ‘वस्ती’ लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. आईने बोट उचललं नाही. तव्यावर सुकट करपायला लागली होती, वास सगळ्या खोलीत भरला, आणि तरी ती उठली नाही.

आईचं माहेर धरणात गेलं होतं. मी तेव्हा लहान होते; मला आठवतो तो फक्त एक बैल, जो पाण्याच्या कडेला उभा राहून हलायला तयार नव्हता. तिचा भाऊ, माझा मामा, पुढे जांभूळ गावी, त्याच धरणाचं पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात रोजंदारीवर लागला. आमच्या अंगणावरचं पाणी मी गाळतो आणि कारखान्यांना पाजतो, असं तो हसून सांगायचा. आई त्यावर कधी हसली नाही. त्या दुपारीही ती रडली वगैरे नाही. ती एवढंच म्हणाली, “आमचा गाव बुडवला, त्याचा बी नकाशा कुनीतरी काढलाच आसंल. कवल्या हातानं काढला आसंल, तुज्यासारक्या. त्येनं आपल्या आयशीला दाखवला नसंल काय?”

“धरण तरी लोकांना पाणी द्यायला होतं,” बाबा गॅलरीतून म्हणाले. साबणाने अर्धा चेहरा पांढरा. “हे कशाला आहे?”

“बघण्यासाठी,” मी म्हटलं. तो शब्द तोंडातून निघाला आणि मला माझाच राग आला.

सोमवारी मी पहिल्या गाडीने ऑफिसात गेले. गेटाची किल्ली गोपीकडे असायची, रविवारी संध्याकाळीच त्याच्या दुकानात जाऊन मी त्याला लवकर यायला सांगितलं होतं. पुढचे काही दिवस साहेब शेडमध्ये यायच्या आधी मी एकच काम केलं. तिसरा तलाव वळवून पाहिला. वस्तीच्या खालच्या अंगाने एक नाला जात होता. तलाव त्या नाल्याच्या बाजूने लांबवला, बेट सरकवलं, तर पाणी तेवढंच बसत होतं आणि वस्ती काठावर राहत होती. नकाशा पुरा झाल्यावर तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

कर्णिकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नकाशा नीट वाचला, स्केल लावून मोजला. “पाणी बसतं,” ते म्हणाले. “उतारही जमतो. चांगलं केलंयस.” मग त्यांनी त्याची गुंडाळी केली. “पण नाही. राज्यपालांच्या सज्ज्यातून समोर काय दिसेल? उकिरडे, गोवऱ्या, वाळत घातलेली लुगडी.”

“दिसू देत की, साहेब. त्यांचंच राज्य आहे.”

“नलिनी, शहर आखताना माणसं हलतातच. त्यांना दुसरीकडे जागा देतील.”

“कुठे? नकाशात कुठेच नाही.”

त्यांनी गुंडाळी मला परत दिली. “राजधानीच्या कामाची समिती मॉडेल बघायला इथे येणार आहे. तिसऱ्या तलावातले ते चौकोन काढून टाक. उगाच प्रश्न नकोत.” त्यांनी ब्लेड माझ्यापुढे ठेवलं.

मी ते त्यांच्याकडे परत सरकवलं. “मी नाही खरवडणार.”

त्या शेडमध्ये साहेबांना नाही म्हटलेलं आजवर कोणी ऐकलं नसावं. गोपीचा रंधा थांबला. साहेबांनी मला काढलं नाही, ओरडलेही नाहीत. त्यांनी स्वतः बाह्या दुमडल्या, ट्रेसिंग ओढून घेतलं आणि ब्लेड आडवं धरून एकेक घर खरवडायला बसले. करकर, करकर. मी समोरच्या टेबलाशी उभी राहून सगळं पाहिलं. नजर वळवायची नाही असं ठरवलंच होतं. शेवटी विहीर राहिली. ती खरवडताना कागद जरासा फाटला.

दुपारी डबा खाताना गोपी म्हणाला, “मेरे बाबा बोलते हैं, सिंध में अपना घर किसी ने तोड़ा नहीं. बस नक्शे पे लकीर मारी, और हम उधर से इधर.” त्याने कोकीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

“गोपी, मॉडेलमध्ये तिसऱ्या तलावावर काच कशी बसवणार आहेस?”

“नीचे नीला रंग, ऊपर काच. बीच में थोड़ा गैप रहता है, तभी तो गहरा दिखता है.” मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तो हुशार होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. “अड़ी, मरवाएगी तू.”

“बनवशील का?”

“सागवान के बनाऊँगा,” तो म्हणाला.

समिती आली त्या दिवशी साहेबांच्या बंगल्यापुढे पांढऱ्या गाड्यांची रांग लागली. रस्त्यावरची माणसं उभी राहून बघत होती. मॉडेल साहेबांच्या गॅरेजमध्ये मांडलं होतं, वरून पांढरी चादर. आम्ही घरं काचेखाली आदल्या दुपारी बसवली होती, साहेब जेवायला गेले असताना. बोटाच्या पेराएवढी घरं, उतरत्या छपरांची, आणि मधोमध विहीर. तलाव निळा, काच स्वच्छ, आणि खाली तळाशी अख्खं गाव. मी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसले होते. आईने बांगड्या भरायला लावल्या होत्या. काय होणार आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने विचारलंही नाही.

साहेबांनी चादर ओढली. लोक वा वा म्हणाले. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक बडे सचिव, सुटाबुटातले, हातात छडी. पहिला तलाव, दुसरा तलाव, साहेब समजावत होते, छडी पुढे सरकत होती. तिसऱ्या तलावापाशी ती थांबली.

“ये नीचे क्या है? मछलियाँ?” दोघेतिघे हसले.

साहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला.

“सर, घर हैं,” मी म्हटलं. माझं हिंदी डेपोतलं, पण आवाज खणखणीत निघाला. “जो लोग वहाँ रहते हैं, उनके. नक्शे से निकाल दिये, तो हमने पानी के नीचे रख दिये. वैसे भी वहीं जाने वाले हैं.”

“नलिनी, आत जा,” साहेब म्हणाले.

“एवढं दाखवते आणि जाते, साहेब.” मी कोपऱ्यातून माझी गुंडाळी आणली आणि मॉडेलच्या कडेवर उलगडली. कड वर येत होती, ती गोपीने येऊन दाबून धरली. सचिव छडी आपटत काहीतरी इंग्रजीत बोलायला लागले. पण त्यांच्या मागे धोतर नेसलेले एक म्हातारे आमदार होते, त्या राज्यातलेच. ते पुढे आले, चष्मा पुसला, काचेवर पार ओणवे झाले.

“नाला इधर से आता है?” त्यांनी मला विचारलं.

“जी.”

“और ये टेकरी?” ते सरळ झाले. “अरे, ये तो कोसमटोला है. मैं वहाँ वोट माँगने गया हूँ. उन्होंने मुझे खाट पर बिठाया, महुआ खिलाया.” मग ते सचिवांकडे वळले, आणि आवाज न चढवता म्हणाले, “आपने तो कहा था, ज़मीन ख़ाली है.”

मी त्या गावाचं नाव पहिल्यांदा तेव्हा ऐकलं, आणि पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले, विसरायला नको म्हणून.

गाड्या गेल्यावर साहेबांनी आम्हाला समोर उभं केलं. उद्यापासून येऊ नका, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, गोपीचा यात काही दोष नाही, घरं मी ठेवली. गोपी म्हणाला, “सर, बनाये मैंने हैं. अच्छे बने हैं ना?” साहेबांनी पाठ फिरवली. गोपी त्याच्या हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून माझ्याबरोबर शिवमंदिरापर्यंत चालत आला आणि मग आम्हाला दोघांनाही हसू फुटलं. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या बाईला वाटलं असणार, पोरं परीक्षा पास झाली.

घरी मी सांगितलं तेव्हा बाबांनी डोक्याला हात लावला. “चाळीत काय सांगू आता? पोरीला कामावरनं काढलं म्हणून?”

“सांगा ना, काढलं म्हनून,” आई म्हणाली. “कशापायी काढलं त्ये बी सांगा. नसंल सांगता येत तं मी सांगतं.” आणि ती खरोखरच गॅलरीत गेली, आणि नळावर उभ्या असलेल्या बायकांना तिने सगळं ऐकवलं. सचिवाची छडी तिने कधी पाहिली नव्हती, तरी तीही तिच्या सांगण्यात आली, आणि बरीच लांब झाली. त्या दिवशी दोन्ही भाकऱ्या झाल्या, सुकट झाली, आणि बाबांनी जेवताना एकदाच माझ्याकडे बघून म्हटलं, “जागेवरच बोललीस ते बरं केलंस. मागनं बोलण्यात काय अर्थ नसतो.”

मी आता बदलापूरला सातव्या मजल्यावर राहते. बिल्डरने इमारतीला ‘लेक व्ह्यू’ नाव दिलंय. घर घेताना मी विचारलं होतं, लेक कुठाय? तर बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईंनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. फरशी बसवलेला एक हौद होता, मध्ये कारंजं. आधी इथे काय होतं, असं विचारल्यावर त्या गडबडल्या. त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नसावा. मी अजूनही विचारते, प्रत्येक ठिकाणी विचारते. लोकांना कंटाळा येतो. येऊ दे.

आम्हाला काढलं त्याच वर्षी, पावसाळा संपल्यावर एका दुपारी कर्णिकसाहेब आमच्या चाळीच्या जिन्यावर उभे राहिले. घाम पुसत होते. आई दारात होती, तिने त्यांना ओळखलं नाही. मी बाहेर आले तेव्हा तिला अंदाज आला आणि ती बाजूला झाली नाही, तशीच चौकटीला हात लावून उभी राहिली. साहेब म्हणाले, त्या आमदारांनी विधानसभेत प्रश्न मांडला. समितीने तिसरा तलाव वळवायला सांगितलंय. तुझा तो नकाशा कुठे आहे?

“माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “पण तो पेन्सिलीतला आहे. शाईत मीच काढीन.”

“मग चल.”

“गोपीही येईल. आणि वस्ती नाही लिहायचं, कोसमटोला लिहायचं. आणि कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याची जागा असते, तिथे माझं पूर्ण नाव.”

“तू मला अटी घालतेस?”

“हो.”

साहेब आईकडे बघून म्हणाले, “तुमची मुलगी फार हट्टी आहे हो.”

“व्हय, हाय,” आई म्हणाली. “च्या घेनार काय?”

त्यांनी चहा घेतला. अटी मानल्या. मी तो काठ पुन्हा काढला, या वेळी गावाच्या कडेकडेने, आणि मला वाटतं माझ्या हातून तेवढी चांगली रेघ नंतर कधी निघाली नाही. सगळंच काही मनासारखं झालं असं नाही. पुढे रस्ता रुंद करताना कोसमटोल्याची वरच्या आळीची घरं गेलीच, असं साहेबांनीच नंतर कळवलं. बाकीचं गाव राहिलं. तलावाचं उद्घाटन मोठं झालं म्हणतात, कारंजी, दिवे, बॅंड. साहेबांना निमंत्रण होतं. मला नव्हतं. इतक्या वर्षांनी लोक विचारतात तेव्हा, बोलावलं असतं तरी मी गेले नसते, असं बाणेदार काहीतरी म्हणावंसं वाटतं. पण ते खरं नाही. मी गेले असते. आईला घेऊन गेले असते, आणि आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो असतो.